नटाचं सुतक

मोठा नट गेला की वर्तमानपत्राच्या कचेरीत कामं आपोआप वाटली जातात. एक जण चित्रपटांची नावं जुळवतो, एक जण जुने फोटो शोधतो, आणि एकाला प्रतिक्रिया गोळा करायला बसवतात. प्रतिक्रियांची भाषाही ठरलेली असते. पोकळी निर्माण होते, पर्व संपतं, आधारवड कोसळतो. या कामात माझी बरीच वर्षं गेली. निवृत्त होऊन शहापूरला राहायला आलो, तेव्हा ते सुटलं असं धरून चाललो होतो.

गेल्या वैशाखात एका सकाळी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. नट पहाटे गेला होता. वय ऐंशीच्या पुढे, घरच्या अंथरुणात, झोपेत.

"त्याचं एक शूटिंग तुमच्या तालुक्यात झालं होतं ना? बातमी तुम्हीच केली होती. ती बाई आहे का हो अजून, आईचं काम केलेली?"

"आहे."

"मग तिची प्रतिक्रिया द्या. थोडक्यात. डोळ्यांत पाणी वगैरे."

ती बाई खर्डीच्या आत, रेल्वेरुळांपासून बऱ्याच दूर असलेल्या एका कुणबी पाड्यात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. मला तिथे रविवारी जायचंच होतं. तिच्या नातीचं लग्न होतं आणि पत्रिका माझ्या टेबलावर होती. स्कूटर काढली आणि आधीच निघालो.

अंगणात मांडव अर्धा उभा होता. खांब रोवलेले होते, वर बांबू बांधलेले होते, पण आच्छादनासाठी आणलेल्या जांभळीच्या डहाळ्या एका कडेला ढीग करून पडल्या होत्या आणि त्यांची पानं वळायला लागली होती. मांडव घालायला आलेले लोक जोत्यावर बसून होते. लग्नघरात चार दिवस आधी जी गडबड असते, ती नव्हती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत नव्हता.

म्हातारीचा मुलगा पुढे आला. तो कल्याणकडे एका गोदामात कामाला जातो आणि पावसाळ्यात सुट्टी घेऊन भात लावतो. लग्नासाठी त्याने रजा टाकली होती.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "आयेनं सुतक धरलंय."

"कोणाचं?"

"कोणाचं काय? तुमच्या त्या नटाचं."

हे समजण्यासाठी पस्तीसेक वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा मी शहापूर-मुरबाडचा तालुका वार्ताहर होतो. चित्रपटाची मंडळी विश्रामगृहात उतरली होती आणि शूटिंग या पाड्यात होतं. गोष्ट साधी होती. शेतकऱ्याचा तरणाबांड मुलगा मरतो आणि आई एकटी राहते. तरणाबांड मुलगा आमचा नट होता, वय तेव्हा पन्नाशीच्या जवळ. टोप आणि रंग यांच्या जोरावर तो तिशीचा दिसत होता. आईसाठी मुंबईची अभिनेत्री ठरली होती. ती आजारी पडली म्हणून आली नाही. दिग्दर्शकाने गावात विचारलं, चांगलं रडणारी बाई कोण आहे? गावाने विचार न करता धवलारणीकडे बोट दाखवलं.

धवलारीण म्हणजे लग्नात धवले म्हणणारी बाई. आमच्याकडच्या कुणबी, आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं ती गाण्यातून पुढे नेते. देवांना बोलावणं तिचं, घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावणंही तिचंच. गावात सगळ्यात खणखणीत आवाज तिचा असतो, आणि म्हणून कुणाच्या घरी मयत झालं की पहिला हंबरडाही तिचाच ऐकू येतो. ही बाई तेव्हा चाळिशीत होती. नट तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा होता, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिग्दर्शकाने तिला सांगितलं होतं, कपाळाला हात लावून नुसतं बसायचं. तिरडी बांधायला सांगितलं गावातल्याच माणसांना. ते लोक गावातल्या प्रत्येक मयताची तिरडी बांधत. त्यांना खोटी तिरडी बांधता येत नव्हती. ओले बांबू आले, सुंभ आला, मडक्यात खरा विस्तव आला. नट त्यावर निजला, वर पांढरं कापड गेलं, आणि तिरडी उचलली गेली त्या क्षणी बाईने कपाळावरचा हात काढला आणि शब्द धरले.

आमच्याकडे बायका मुक्याने रडत नाहीत. शब्द धरतात, म्हणजे गेलेल्याला हाका मारतात, तो काय खायचा, कुठे निजायचा, कुणावर रुसायचा, सगळं सांगतात. या बाईने ते सगळं त्या क्षणी रचलं. मुंबईचा एक सहायक माझ्या कानाशी म्हणाला, "ही रडतेय की गातेय?" बाकीच्या बायकाही रडायला लागल्या होत्या, आणि तिरडी धरणाऱ्यांपैकी एकाचे खांदे हलत होते.

तिरडी विसाव्यापर्यंत गेली. विसावा म्हणजे वाटेत ती खाली टेकवायची आणि खांदेकऱ्यांनी जागा बदलायची ठरलेली जागा. तिथे ती टेकली आणि दिग्दर्शकाने शॉट संपल्याचं ओरडून सांगितलं. नट कापड बाजूला सारून उठून बसला आणि म्हणाला, "च्या मिळेल का?"

बायका मागे सरल्या. धवलारीण सरली नाही. ती वाटेत आडवी उभी राहिली.

"उठतंस कुठं? नीज."

"आई, शॉट संपला."

"तुमचा संपला असंल. मी शब्द धरून रडलेय. विसाव्यापरेंत आलेलं माणूस असं चालत घरात येत नाय."

दिग्दर्शक उन्हाकडे बघत होता. त्याला उजेड जाण्याआधी आणखी काम उरकायचं होतं. तो म्हणाला, "बाई, हे नाटक आहे."

"मंग मी बी नाटकातच सांगतंय. याला परत जल्माला घालाय लागंल. न्हाऊ घालीन, नाव ठेवीन, मंग कुठं जायाचं तिथं जाऊ दे."

मी तेव्हा नटाकडे पाहत होतो. अशा वेळी मोठी माणसं हसतात किंवा घड्याळ बघतात. तो चपला न घालता तिच्यामागून चालायला लागला.

घरामागच्या न्हाणीच्या दगडावर त्याला बसवलं. गावातल्या पाच सवाष्णी जमल्या. हंड्यात कडुनिंबाचा पाला टाकून पाणी कढवलं होतं. धवलारणीने त्याच्या डोक्याला पीठ-हळद चोळायला घेतलं आणि टोप तिच्या हातात आला. मागोमाग तोंडावरचा रंग उतरला. खाली चकचकीत टक्कल आणि डोळ्यांभोवती सुरकुत्या.

"अगो बय, हा तं म्हातारा निघाला!"

"हिच्यापेक्षा थोरला हाय गो!"

"पोर आयेपेक्षा मोठं!"

बायका हसून हसून खाली बसल्या. धवलारणीने टोप बाजूच्या काटकीवर टांगला आणि पुन्हा डोकं चोळायला लागली. "म्हातारा तं म्हातारा," ती म्हणाली. "आता आला पदरात, त्याला काय करू?"

"आई, पाणी लय गरम आहे," नट डोळे मिटून म्हणाला.

"गप. समदी पोरं हेच बोलतात."

पाळण्यात तो मावणार नव्हता. म्हणून सूप आणलं आणि त्यात त्याचा एक पाय ठेवला. कानात नाव सांगितलं. ते नाव पाच बायकांनी ऐकलं आणि दाराशी उभा होतो म्हणून मीही ऐकलं. कानामागे तीट लावली, दूधभात भरवला. तो सगळा खाल्ला त्याने, हात पुढे न करता.

संध्याकाळी मंडळी निघाली तेव्हा एक चूक झाली, निदान तेव्हा सगळ्यांना ती चूक वाटली. लांब जाणाऱ्या आपल्या माणसाची पाठवणी धवलारणीला एकाच प्रकारे माहीत होती. तिने नटाला अंगावरच्या उपरण्याचा पदर पुढे पसरायला सांगितला आणि त्यात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड घातलं. लेक सासरी निघते तेव्हा भरतात तशी ओटी.

"अगो, बाप्याची ओटी भरतंस?" बायका ओरडल्या.

"लांब चाललंय पोर. मोकळ्या हातानं कसं धाडू?"

पुन्हा हशा झाला. नटाने उपरण्याला गाठ मारली आणि ते मांडीवर घेऊन गाडीत बसला. मी हे सगळं बातमीत लिहिलं होतं. छापून आलं ते इतकंच : चित्रीकरणादरम्यान लोकप्रिय अभिनेत्याने ग्रामस्थांशी आपुलकीने संवाद साधला.

तो चित्रपट कल्याणला आठवडाभर चालला आणि उतरला. नट मात्र येत राहिला. नाशिककडे जाताना वाट वाकडी करायचा, जेवायचा, सोबत कॅमेरा नसायचा. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्याला आवडायची. पुढे वय झालं, येणं थांबलं. दिवाळीला नातीच्या मोबाइलवर त्याचा फोन यायचा. एकदा मी समोर होतो. संभाषण थोडं होतं. "जेवलास?" "जेवलो, आये." "गोळ्या घेतंस?" "घेतो." मग नातीने फोन बंद केला. नातीने तो जुना चित्रपटही मोबाइलवर शोधून आजीला दाखवला होता. तिरडी आली तेव्हा म्हातारीने मोबाइल उपडा ठेवला. "पुढं म्हाईत हाय मला," म्हणाली.

तर ती आता मागच्या खोलीत केस मोकळे सोडून भिंतीला टेकून बसली होती. समोर पाण्याचा तांब्या. मुलगा आणि नात दारात उभे.

"आये, त्याला त्याची पोरं हायेत," मुलगा म्हणाला. "ती धरतील की सुतक."

"त्यांचा बाप गेला. माजं पोर गेलं."

"मी तुजं पोर नाय?"

"तू हायेस की समोर. तुजं कशाला सुतक धरू?"

यावर मांडवातून कुणीतरी हसलं. मुलगा मात्र घाईला आला होता. सुतक दहा दिवसांचं, लग्न रविवारी, हळद शनिवारी. सुतकातल्या घरात हळद कांडता येत नाही आणि सुतकातली धवलारीण धवला म्हणू शकत नाही. दुसरी धवलारीण मिळत होती. मुरबाडकडे नवऱ्यामुलाच्या गावातच एक होती. हळद एखाद्या नातेवाइकाच्या अंगणात लावता आली असती. हे सगळं मुलाने बोलून दाखवलं.

नात शहापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजीनं धवला म्हटला नाय तर मी हळद लावून घेणार नाय."

"असं कसं? लोक काय बोलतील?"

"काय बी बोलू देत. गावातल्या समद्या पोरींना हिनं बसवलं हळदीला. मीच तेवढी राहू?"

"मंग दहा दिस थांब गो," म्हातारी शांतपणे म्हणाली.

"थांबते."

"दोघी एकाच मातीच्या," मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला. "हॉल घेतलाय शहापूरला. आचारी सांगितलाय. यांना कोण सांगंल?"

मी प्रतिक्रियेचं विचारलं. म्हातारी म्हणाली, "सुतकात पेपराशी बोलत नाय." मी कचेरीला कळवलं की प्रतिक्रिया नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी घेतली. तिच्यात आधारवड होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो, तेव्हा मुरबाडकडून नवऱ्यामुलाची माणसं आली : वडील आणि आजी. नवऱ्यामुलाची आजी आमच्या म्हातारीएवढीच, अंगाने बारीक, आवाज मोठा. भर दुपारी जीपमधून आली होती. म्हातारीच्या मुलाने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तसाच थांबला. सुतकातल्या घरचं पाणी परक्याने प्यायचं नसतं. सुतक आहे की नाही हे ठरलेलं नव्हतं. आजीचा हात तांब्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला.

"आदी ठरवा," ती म्हणाली. "मंग पितंय. उन्हातनं आलेय मी."

ती मांडवाच्या खांबाशी बसली आणि आतल्या दारातून आमच्या म्हातारीला विचारायला लागली.

"पोटचा व्हता?"

"नाय."

"दत्तक घेतलेला?"

"नाय."

"मंग कशाचं सुतक गो?"

"शब्द धरून रडले त्याच्यावर. मंग न्हाऊ घातला, नाव ठेवलं, सुपात पाय ठेवला."

नवऱ्यामुलाच्या आजीने मान हलवली. "मंग झाला पोटचा."

मुलाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं, ही बाहेरची बाई तरी त्याच्या बाजूने बोलेल. नवऱ्यामुलाचे वडील म्हणाले, "अगं आये, आपण लग्नाचं बोलाय आलोय."

"लग्नाचंच बोलतंय मी. तू गप ऱ्हा." ती पुन्हा दाराकडे वळली. "आन गेला कसा इथनं? भांडून का सांगून?"

"सांगून गेला."

"तू धाडलास कसा?"

न्हाणीच्या दगडापाशी त्या दिवशी असलेल्या पाच बायकांपैकी एक शेजारीण जोत्यावर बसली होती. तिला इतकी वर्षं दाबलेलं हसू फुटलं.

"ओटी भरून धाडला गो! उपरण्यात! नारळ, तांदूळ, समदं!"

"बाप्याची ओटी?"

"बाप्याची!"

"खरं सांगतंस?"

शेजारणीने माझ्याकडे बोट केलं. "हे पेपरवालं व्हते ना तवा. विचारा."

"खरं आहे," मी म्हणालो. "हळकुंडही होतं."

नवऱ्यामुलाच्या आजीने मांडीवर हात मारला. "मंग मला आदी सांगायचं ना! तू पोर ठेवलंसच कुठं? लेकीसारखं देऊन टाकलंस की. दिल्या लेकीचं सुतक म्हायेराला तीन दिसांचं. दहा दिस धरतील ते त्याच्या घरचं."

मांडवातल्या एका म्हाताऱ्या माणसाने मान डोलावली, मग दुसऱ्याने. हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. ओटीची गोष्ट गावाने विनोद म्हणून जपली होती, तिचा असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"झालं तर," नवऱ्यामुलाची आजी म्हणाली. "आणा पाणी."

"आये," तिचा मुलगा म्हणाला, "तीन दिस उद्या व्हतात."

ती तांब्याकडे बघत राहिली. "म्हंजे ठरवलं बी मीच आन तानेली बी मीच."

सगळे हसले. शेजारणीच्या घरून पाणी आलं आणि ती दोन तांबे प्यायली. मग उठून मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली. आत गेली नाही, बाहेरच बसली.

आमची म्हातारी म्हणाली, "तीन दिसांत फिटतं गो समदं?"

"नाय फिटत. धा दिसांत बी नाय फिटत. सुतक फिटतं."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. काही वेळाने तिने नातीला हाक मारून डहाळ्यांवर पाणी शिंपडायला सांगितलं. पानं वाळली तर मांडव उघडा दिसेल, म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि केस बांधले. मी तेव्हा तिथे नव्हतो. मुलाने फोनवर सांगितलं की सुनेने वरणाला फोडणी दिली आणि वास वाटेपर्यंत गेला. कचेरीतल्या सहकाऱ्यालाही मी हा सगळा प्रकार सांगितला. त्याने विचारलं, "ते कानात सांगितलेलं नाव काय होतं? त्याच्यावर मथळा होईल." मी म्हणालो, विसरलो.

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, हळद होती. मांडवावर जांभळीची पानं हिरवी होती, एखाद-दुसरी कडेने करपलेली. उखळ मांडवाच्या मधोमध होतं. नात पाटावर बसली. म्हातारीने मुसळाला हात लावला, दोन बायका समोर उभ्या राहिल्या आणि धवला सुरू झाला. नवरा गेल्यावरही गावाने तिच्याकडून धवले काढून घेतले नव्हते, आणि आवाज अजून तसाच होता. फक्त ओळीच्या शेवटी ती पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबत होती. ती एक ओळ म्हणे, मागच्या बायका ती उचलत, मुसळ खाली येई.

आधी देवांना बोलावणं झालं. वेशीवरचा देव, डोंगरावरची देवी, शेतातला बांधावरचा. मग घरातली गेलेली माणसं. प्रत्येकाचं नाव घेऊन हळदीला या म्हणायचं असतं. सासऱ्याचं नाव झालं, सासूचं झालं, नवऱ्याचं झालं. दिराचं झालं. मग तिने एक नाव घेतलं, जे देशातल्या कुठल्याही वर्तमानपत्राने त्या आठवड्यात छापलं नव्हतं.

मागच्या बायकांनी ओळ उचलली नाही. मुसळ वरच राहिलं. तीच शेजारीण, जिने ओटीची आठवण काढली होती, हळूच म्हणाली, "अगो, तू तं त्याला देऊन टाकलं. तसंच ठरलं ना? मंग घरच्या मान्सांत कसं घेतंस?"

म्हातारीने मुसळ खाली आणलं आणि पुन्हा उचललं.

"दिल्या लेकीला लग्नाला बोलवत नाय व्हय?"

ती तीच ओळ पुन्हा म्हणाली. या वेळी बायकांनी नाव उचललं, आधी शेजारणीने, मग सगळ्यांनी. हळद बारीक व्हायला आली होती. नातीने दोन्ही हात पुढे केले.